गटारीआधी विमान उतरवायचं होतं

सव्वीस वर्षं मी बोटीवर तांडेल होतो. तांडेल म्हणजे सुकाणू धरणारा. बोट कुठे न्यायची, जाळं कुठे सोडायचं आणि सगळ्यांना घेऊन अर्नाळ्याला परत कसं यायचं, हे तो ठरवतो. या सव्वीस वर्षांत मी एकदाही समुद्रात पडलो नाही. गेल्या आषाढात मात्र एका दुपारी अकरा वेळा पडलो, तेही घराच्या माडीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, आणि दर वेळी लढाऊ विमानासकट.

हसायचं तर हसा. आधी कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो. पण तेव्हा मी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतो.

होळी होऊन चार-पाच दिवस झाले असतील. अंगणात जाळं सांधत बसलो होतो आणि उजव्या हातातली सुई गळून पडली. उचलायला गेलो तर हात जागचा हलेना. मी त्याला एक शिवी दिली, ती तोंडातून धड बाहेर आली नाही. बायको वाळत घातलेले बोंबील उलटत होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हातातली टोपली टाकून ओरडत सुटली. विरारच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूत गुठळी. पाय पंधरा दिवसांत सुधारला. बोलणंही आलं, बायकोच्या मते जरा जास्तच आलं. हात तेवढा राहिला. खांद्याला लटकतोय, आपलाच आहे, पण काही सांगितलं की ऐकू न आल्यासारखा गप्प.

मे संपता संपता व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक पिवळा मऊ चेंडू दिला. दिवसातून शंभर वेळा दाबा म्हणाल्या. मी चार दिवस दाबला, म्हणजे त्याच्याकडे बघत बसलो. पाचव्या दिवशी डाव्या हाताने शेजाऱ्याच्या वाडीत भिरकावून दिला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला चेंडू देतात याचाच राग आला होता.

बोट आम्हा दोघा भावांची. धाकटा बर्फ, डिझेल, मासळीचा लिलाव, सगळं किनाऱ्यावरचं बघतो. त्याला बोट लागते. कोळ्याच्या पोटी जन्मून पाण्यात ओकणारा माणूस अख्ख्या गावात तो एकच, आणि मी त्याला लहानपणापासून त्यावरून चिडवत आलो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात. पुढे हंगाम सुरू झाला की तांडेलाशिवाय बोट हलत नाही. आणि चांगला तांडेल कुणासाठी थांबत नाही, त्याला आधीच कुणीतरी बांधून घेतलेलं असतं.

जूनच्या सुरुवातीला बोट वर ओढली, त्या संध्याकाळी भाऊ घरी आला. चहा संपवला. मग म्हणाला, "दादा, गटारीपर्यंत बघू. तवर हात आला तर सुकान तुजाच. नाय आला, तर मंग कोन तरी बघावा लागंल."

गटारी म्हणजे आषाढाची अवस. तोपर्यंत थांबायचं म्हणजे फारच उशीर, पण तो थांबायला तयार आहे याचंच मला भरून आलं. मी म्हणालो, "येल हात. न यायला काय जालाय."

खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. घरात खायला कमी पडणार नव्हतं, ती भीती नव्हती. आमच्याकडे किनाऱ्यावर एक कट्टा आहे. बोटीवरून कायमचे उतरलेले लोक तिथे पत्ते खेळत बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, आज काय लागलं? कुणी थांबून उत्तर देत नाही. मीही कधी दिलं नव्हतं. मला त्या कट्ट्यावर बसायचं नव्हतं.

माझी मुलगी एका कंपनीचं काम घरूनच करते. लहानपणी ती वाळूत आडवी पडून मुंबईकडे उतरणारी विमानं मोजायची. पहिली नोकरी लागल्यावर तिने टेबलावर बसवायची एक काठी आणि एक दांडा आणला. काठीने विमान वळतं, नाक वर-खाली होतं. दांडा म्हणजे इंजिन, पुढे ढकललं की जोर वाढतो. समोर पडद्यावर विमानातून दिसतं तसं सगळं दिसतं. काम संपलं की ती संध्याकाळी तासभर उडायची. आम्ही तिला चिडवायचो, की कोळणीची पोर ढगात मासे पकडते.

चेंडू फेकला ते तिने पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मला माडीवर घेऊन गेली, खुर्चीत बसवलं आणि माझी उजवी बोटं एकेक करून त्या काठीभोवती वळवली. वरून चिकटपट्टीचा पट्टा आवळला. "पप्पा, चेंडू नको ना? मग हे पकड. डाव्या हातात इंजिन. बस, चल."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मला चांगली जाडजूड काठी मिळाली.

पहिले काही दिवस जमिनीवरच्या धावपट्टीवर उतरण्यात गेले. मैल-दीड मैल लांबीचा सरळ रस्ता, त्यावरही मला उतरता येईना. हात काठी ढकलायचा तो खांद्यातून, सगळं अंग त्या बाजूला कलायचं, तेव्हा कुठे विमान जरासं वळायचं. पण वळायचं. चेंडूकडे बघून जे होत नव्हतं ते इथे थोडं थोडं होत होतं, कारण इथे समोर जमीन येत होती. जमीन अंगावर आली की माणूस हात हलवतोच.

मग मी तिला म्हटलं, रस्ता पुरे, मला जहाजावर उतरव. तिच्या त्या खेळात भर समुद्रात एक लढाऊ जहाज होतं आणि विमानं त्याच्यावर उतरायची, ते मी पाहिलं होतं.

"पप्पा, ते सगळ्यात डिफिकल्ट असतं. खरे पायलट पण घाबरतात त्याला."

"पान्यावरचा मला शिकवू नको," मी म्हणालो.

जे शिकवलं ते पाण्यावरचंच होतं, आणि मला त्यातलं ओ की ठो येत नव्हतं. जहाज चालत असतं, म्हणजे ते जिथे दिसतं तिथे जायचं नसतं, जिथे असेल तिथे जायचं. हे मला कळलं. चालत्या बोटीला बोट लावणं मी शेकडो वेळा केलं आहे. जहाजाच्या डाव्या अंगाला दिवे असतात, त्यात एक पिवळा गोळा. गोळा हिरव्या ओळीच्या मधोमध दिसला तर आपण बरोबर, वर गेला तर आपण उंच, खाली घसरला तर आपण मेलो. हेही कळलं. जहाजाच्या पाठीवर आडव्या तारा ताणलेल्या असतात, विमानाच्या शेपटीला एक आकडा असतो, तो तारेत अडकला की विमान थांबतं. आकडे, तारा, दोर, हे सगळं आमचंच.

अडलं ते शेवटच्या क्षणाला. चाकं जहाजाला टेकली की इंजिन पूर्ण जोरात ढकलायचं असतं. कमी करायचं नाही, वाढवायचं. कारण आकडा तारेत लागला की नाही हे त्या क्षणी कळत नाही. नसला लागला तर जोर हवा, म्हणजे विमान पुन्हा हवेत उठतं. जोर नसेल तर ते जहाजाच्या पुढच्या टोकावरून सरळ पाण्यात.

आणि मी सव्वीस वर्षं काय करत आलो? जेट्टी जवळ आली की इंजिन सोडायचं. चांगला तांडेल तो, जो वेळेत इंजिन सोडतो. बोट आपल्या जोरावर येत राहते, शेवटी मागे एक हलका झटका, आणि मऊ लागते. जो जोरात येतो त्याला लोक शिव्या घालतात, त्याच्या बोटीची फळी फुटते. हे माझ्या डोक्यात नव्हतं, हाडात होतं. चाकं टेकायला आली की माझा डावा हात, जो एकदम धडधाकट होता, आपसूक दांडा मागे ओढायचा. मुलगी ओरडायची, "पुश, पप्पा, पुश!" तोवर मी पाण्यात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही.

अकरा वेळा पडलो ती दुपार हीच. अकराव्या वेळी पडल्यावर मी टेबलावर मूठ आपटली. आपटायला गेलो उजवी आणि आपटली डावी. खाली येऊन जेवायला बसलो, डाव्या हाताने भात कालवताना ताट घसरलं आणि आमटी लुंगीवर सांडली. बायको पुसायला वाकली. मी तिला म्हटलं, "तोडून टाका हा हात, निदान मध्ये तरी येनार नाय." ती पुसत राहिली. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडलो, आणि आमच्या घरात पुरुष रडला की बायका उठून जातात तशी ती उठून गेली नाही, म्हणून आणखी रडलो.

उपाय तिनेच काढला. आगाशीच्या बाजारातून सुकी मासळी विकून ती दुपारी परत यायची. दुसऱ्या दिवशी आली ती सरळ माडीवर, अंगाला वाकट्यांचा वास तसाच. माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. पोरीला म्हणाली, "चाक लागला का मला सांग." चाकं टेकली, मुलगी "लागला" म्हणाली, आणि माझ्या डाव्या खांद्यावर असा सणसणीत फटका बसला की दांडा पुढे गेलाच. विमान तारांवरून सुटलं, पण पाण्यात न जाता पुन्हा वर उठलं. बायको म्हणाली, "बैलाला असाच शिकवतात." मग रोज दुपारी तेच. आठवडाभर फटके खाऊन खांदा सुजला, पण चाक टेकलं की हात पुढे जायला लागला.

आणि त्याच सुमाराला उजवा हात सुधारला.

निदान मला तसं वाटलं. आधी काठी हलवायला खांदा लागायचा, आता मनगट पुरत होतं. मी मनात आणलं की विमानाचं नाक वळायचं. पट्टाही काढून टाकला. मुलगी म्हणाली, "बघ, येतंय." मला इतका आनंद झाला की मी तो कुणाला दाखवला नाही, दृष्ट लागेल म्हणून. मनातल्या मनात मात्र मी सौदा करून टाकला होता. ज्या दिवशी आकडा तारेत अडकेल त्या दिवशी उठायचं, भावाकडे जायचं आणि सांगायचं, सुकाणू माझं. डॉक्टर काय सांगतील, बाई काय सांगतील, ते मला ऐकायचं नव्हतं. माझा डॉक्टर ते जहाज.

सदऱ्याचं बटण अजून लागत नव्हतं, हे मला दिसत होतं. पाण्याचा पेला उजव्या हाताने उचलला की सांडत होता. मी स्वतःला समजावायचो, बटण बारीक असतं, पेला निसरडा असतो. सुकाणू कुठे बारीक असतं? ते काठीसारखं असतं. माणसाला स्वतःला फसवायचं असलं की युक्त्या बऱ्या सुचतात.

गटारीच्या आदल्या दिवशी दुपारी ते झालं. सकाळपासून तीनदा प्रयत्न केला होता, तिन्ही वेळा आकडा तारांच्या वरून गेला होता. चौथ्या वेळी वळून जहाजाच्या मागे आलो तेव्हाच ठीक वाटत होतं. गोळा मधोमध. तो खाली घसरायला लागला की मी दांडा किंचित पुढे करत होतो, नाकाला हात लावत नव्हतो. जहाज मोठं झालं, मग एकदम मोठं झालं. चाकं टेकली. कुणी फटका मारला नाही, बायको बाजारातून यायची होती. माझा हात आपणहून पुढे गेला, इंजिन गरजलं, आणि विमान पुढे जाईना. ते जागच्या जागी थांबलं होतं. आकडा तारेत होता.

खुर्चीतून उठलो, जिना उतरलो, सदरा खांद्यावर टाकला आणि चपला शोधायला लागलो.

मुलगी माझ्यामागून खाली आली. ती खूश होती, टाळ्या वाजवत होती. "कुठे चाललास?"

"तुज्या काकाकडं. सांगतो त्याला, हात आला. परवापासून बोटीच्या कामाला लागतो."

तिच्या टाळ्या थांबल्या. दाराला धरून उभी राहिली. "पप्पा, थांब. काकाला काही सांगू नको."

"का?"

तिने दार सोडलं. मग एकदम सगळं बोलून मोकळी झाली. मी जेवताना रडलो त्या संध्याकाळी तिने काठीची सेटिंग बदलली होती. काठी नखाएवढी हलली तरी विमान पूर्ण वळेल अशी. त्या आठवड्यात तिने ती दोनदा आणखी सैल केली. "मला वाटलं, गेम आहे. तू पुन्हा ट्राय करत राहशील. तू त्याच्यावर बोटीचं ठरवशील हे मला नाही माहीत होतं, पप्पा. शप्पथ."

मी तिला काय बोललो ते इथे लिहिणार नाही. जन्मात तिला तसं बोललो नव्हतो आणि पुन्हा बोलणार नाही. ते बोलून झाल्यावर म्हणालो, "वर चल. होती तशी कर."

तिने पूर्वीसारखी केली. मी बसलो. तेच जहाज, तोच गोळा. मी मनात आणलं की डावीकडे, विमान सरळ गेलं. मनगट वळवलं, वळलं असं मला वाटलं, खाली बघितलं तर ते तसंच होतं. मग खांदा लावला, सगळं अंग लावलं. विमान थोडंसं कललं आणि जहाजाच्या उजव्या बाजूने लांबून निघून गेलं. मी त्याला पाण्यात पडू दिलं. मुलगी मागे रडत होती. मी तिला गप्प हो म्हणालो नाही, कारण मला तिचा राग येत होता, आणि राग नसता आला तर मी काय केलं असतं मला ठाऊक नाही.

मग मी चपला घालून निघालो ते किनाऱ्यावर. आमची बोट वाळूवर, निळ्या ताडपत्रीखाली. पावसाने उघडीप दिली होती म्हणून भाऊ खालच्या फळ्यांना रंग देत होता. मी एका ओंडक्यावर बसलो आणि म्हणालो, "दुसरा बघ."

त्याने ब्रश थांबवला नाही. दोन फळ्या रंगवून झाल्यावर म्हणाला, "बघितला हाय."

"कवा?"

"वैशाखात." तो रंगाच्या डब्यात बघत होता. "आपल्याच बोटीवर खलाशी होता तो, तुज्या हाताखाली शिकलेला. डॉक्टर मला तवाच बोलला होता, हात यायचा नाय, दादा. तुला कसा सांगू? वहिनी बोलली, गटारीपर्यंत तरी राहू दे."

म्हणजे बायकोलाही माहीत होतं. माहीत असून ती आठवडाभर माझ्या खांद्यावर फटके मारत होती. भावाची मुदत, मुलीची काठी, बायकोचा हात, सगळ्यांनी आपापल्या परीने माझ्यासाठी सैल करून ठेवलं होतं. त्यांच्यावर ओरडायलाही जागा नव्हती. मला फार लाज वाटली, आणि फार एकटं वाटलं.

भाऊ माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, "त्याला जागा दाखवशील?"

जागा म्हणजे पाण्यातल्या जागा. कुठे खडक आहे जिथे जाळं फाटतं, कुठे कोणत्या दिवसांत मासळी येते. आता यंत्रं आहेत, तरी प्रत्येक तांडेलाच्या दहा-बारा जागा अशा असतात ज्या यंत्रात नसतात. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आल्या की ती जागा. त्या कुणाला सांगायच्या नसतात, सख्ख्या भावालाही नाही. बापाने मला त्या सांगितल्या त्या दिवशीच तो बोटीवरून उतरला, आणि पुन्हा चढला नाही.

मी म्हणालो, "त्याला नको. तुलाच सांगतो, तू त्याला सांग." भावाने मान हलवली.

मी समुद्राकडे तोंड केलं. पहिली जागा बेटावरच्या किल्ल्याच्या बुरुजावरून सुरू होते. सवयीने उजवा हात उचलायला गेलो. तो मांडीवरून चार बोटं वर आला आणि तिथेच अडला. मी डावा उचलणार, तेवढ्यात भावाने लुंगीला हात पुसले, माझं उजवं मनगट धरलं आणि हात वर उचलला. "सांग," तो म्हणाला.

"जरासा दक्षिनंला," मी म्हणालो. त्याने माझा हात दक्षिणेला वळवला. "तो बुरूज. त्याच्या मागं ताड येतो. आता खाली घे." त्याने खाली घेतला. मी सांगत गेलो, तो हात वळवत गेला. एकेक करून मी सगळ्या जागा सांगितल्या, बापाने दिलेल्या आणि माझ्या मी शोधलेल्या. शेवटची सांगून झाल्यावरही त्याने हात धरून ठेवला होता, आणखी असेल म्हणून. मी म्हणालो, "ठेव आता. जाल्या."

त्याने तो माझ्या मांडीवर ठेवला.